होम इन्फ्युजनचे सीई कोर्स : कुठे पैसे घालावेत, कुठे नाही

होम इन्फ्युजन म्हणजे शिरेतून द्यायची औषधं रुग्णाच्या घरी देणं, आणि सीई म्हणजे परवाना टिकवायला करावं लागणारं पुढचं शिक्षण, ज्याची क्रेडिट मोजतात. घाईत असाल तर निकाल आधीच सांगते. वर्षभराचा ऑनलाइन पास स्वतःच्या खिशातून घेऊ नका. हुडसमोर (गाळलेल्या हवेचं, औषध कालवायचं कपाट) उभं राहून हाताने करायचा दोन दिवसांचा कोर्स मिळत असेल तर सोडू नका, शक्यतो कंपनीच्या पैशाने. औषध कंपन्यांच्या पैशावर चालणारे फुकट वेबिनार डबा खाताना ऐकायला बरे. आता कारणं. ती लांबलचक आहेत, पण न्यू जर्सीतल्या एडिसन-नॉर्थ ब्रन्सविक पट्ट्यातल्या फार्मसिस्ट मैत्रिणी भेटल्या की हटकून विचारतात, "अगं, तू क्रेडिट कुठून करतेस?" तेव्हा एकदाच नीट लिहून टाकते.

मी पुण्याची बी. फार्म., नव्वदीच्या शेवटी पास झालेली. हे सांगायला लागतं, कारण १ जानेवारी २००३ पासून पुढे पदवी घेणाऱ्यांना अमेरिकेतल्या पात्रता परीक्षेला बसायचं तर पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. आमची चार वर्षांची डिग्री त्या तारखेच्या आधीची म्हणून निभावलं. आधी रिटेलमध्ये काउंटरवर उभी राहिले, ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीतून लोकांची बोलणी खाल्ली, मग होम इन्फ्युजनमध्ये आले आणि इथेच रमले.

हे काम काय असतं ते माझ्या सासूबाईंना सांगते तसं सांगते: हॉस्पिटलातलं सलाईन घरी. हाडात जंतुसंसर्ग झालेल्या माणसाला सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक द्यायचं असतं, पण त्यासाठी सहा आठवडे खाटेवर ठेवायची गरज नसते. दंडात पिक लाइन (शिरेत राहणारी लांब, बारीक नळी) घालून त्याला घरी पाठवतात. औषध आम्ही आमच्या क्लीन रूममध्ये तयार करतो, आठवड्याचा साठा घरपोच जातो, नर्स आठवड्यातून एकदा जाऊन ड्रेसिंग बदलते आणि रक्त काढते. बाकी सगळं रुग्ण आणि त्याच्या घरचे करतात. ज्यांचं आतडं काम करत नाही त्यांचं टीपीएन (शिरेतून दिलं जाणारं पूर्ण पोषण), हृदय थकलेल्यांचं मिलरिनोन, इम्युनोग्लोब्युलिन, केमोचे छोटे पंप, हेही सगळं यात आलं.

न्यू जर्सीत फार्मसिस्टला दर दोन वर्षांनी ३० क्रेडिट दाखवावी लागतात. त्यांतली किमान १० लाइव्ह हवीत आणि ३ फार्मसी कायद्याची. आमच्या टेक्निशियन मुलामुलींना त्यांच्या प्रमाणपत्रासाठी दोन वर्षांत २० तास. कोर्सच्या लांबलचक क्रमांकात एक अक्षर असतं, एल म्हणजे लाइव्ह, एच म्हणजे घरबसल्या. शेवटी पी म्हणजे फार्मसिस्टसाठी, टी म्हणजे टेक्निशियनसाठी. विकत घेण्याआधी ही दोन अक्षरं बघायची सवय लावा. "लाइव्ह वेबिनार" असं ठळक लिहिलेलं असतं आणि तुम्ही बघता ते त्याचं रेकॉर्डिंग असतं. ते एचमध्येच जातं, मग परवान्याची मुदत संपत आली की एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दहा लाइव्ह तास शोधत बसा. शिवाय कोर्स संपल्यावर साठ दिवसांच्या आत क्रेडिट नोंदवलं गेलं नाही तर गेलं. माझी एक मैत्रीण अजून त्या दीड तासासाठी हळहळते.

तर वार्षिक पास. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण यांतल्या बऱ्याच तक्रारी याच धर्तीच्या दुसऱ्या पासांनाही लागू पडतात. चारशे डॉलरच्या आसपास. त्यात होम इन्फ्युजनचे म्हणून भरपूर मॉड्यूल: अँटिबायोटिक, टीपीएन, लाइनची निगा, यूएसपी ७९७ (निर्जंतुक औषधं बनवण्याचे नियम), बिलिंग. पहिलं उघडलं की पहिली स्लाइड १९७४ ची: सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांना घरी शिरेतून अँटिबायोटिक दिल्याचा पहिला शोधनिबंध. इतिहास चांगला आहे, मला आवडतो. पण दुसरं मॉड्यूल उघडलं तरी तीच स्लाइड, तिसरं उघडलं तरी तीच. टीपीएनच्या मॉड्यूलमध्ये १९७४ चं काय काम? शेवटी ती स्लाइड आली की मी चहा ठेवायला उठायला लागले.

यूएसपी ७९७ चं मॉड्यूल मात्र उत्तम, आणि पासमधली सगळ्यात उपयोगाची गोष्ट तीच. निर्जंतुक औषधं तयार करण्याच्या या नियमांची सुधारित आवृत्ती १ नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाली. आमच्या धंद्याला त्याचा मोठा फटका बसला, तो या बाईंनी (शिकवणाऱ्या एक अनुभवी फार्मसिस्ट होत्या) नेमका सांगितला. जुन्या नियमांत साधी, कमी जोखमीची पिशवी फ्रिजमध्ये १४ दिवस चालायची. नव्यात, निर्जंतुक घटकांपासून बनवलेल्या पण वेगळी निर्जंतुकता चाचणी न केलेल्या पिशवीला फ्रिजमध्ये १० दिवस आणि बाहेर ४ दिवस. चार दिवसांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण आम्ही बुधवारी बनवतो, गुरुवारी गाडी निघते, शुक्रवारी रुग्णाच्या हातात पडतं आणि त्याला पुढच्या शुक्रवारपर्यंत पुरवायचं असतं. मोजा बोटांवर. दहावा दिवस शनिवारी येतो. त्यात एखादं वादळ आलं, गाडी अडकली, रुग्ण दोन दिवस मुलीकडे राहायला गेला, की संपलं, सगळं फेकून पुन्हा बनवा. बाईंनी बनवण्याचा वार, पोचण्याचा वार आणि शेवटचा डोस यांचा एक तक्ता दिला होता. तो आम्ही छापून क्लीन रूमच्या बाहेरच्या भिंतीवर लावलाय, अजून तिथेच आहे.

टीपीएनचंही बरं होतं. व्हिटॅमिन आधीच पिशवीत का घालत नाहीत, रुग्णानेच रोज लावायच्या आधी का घालायचं, फिल्टर १.२ मायक्रॉनचाच का, हे मुद्देसूद सांगितलं होतं. शिकवणारे गृहस्थ मध्येच खोकत होते, त्यावरून खरा माणूस बोलतोय याची खात्री पटली. कारण निम्म्या मॉड्यूलमध्ये आता यंत्राचा आवाज आलाय, आणि तो आवाज डॅप्टोमायसिन हे अँटिबायोटिकचं नाव असं म्हणतो की ऐकणाऱ्याला गावाचं नाव वाटावं.

आता वाईट. व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकच्या मॉड्यूलमध्ये शेवटच्या चाचणीत प्रश्न होता की गंभीर संसर्गात ट्रफ (पुढच्या डोसच्या आधीची रक्तातली सर्वांत कमी पातळी) किती ठेवायचा, आणि बरोबर उत्तर म्हणून १५ ते २०. हे २००९ चं. २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी फक्त ट्रफवर डोस ठरवणं मोडीत काढलं आणि चोवीस तासांचा एयूसी (दिवसभरात शरीराला मिळालेल्या औषधाचं एकूण माप) ४०० ते ६०० मध्ये ठेवायला सांगितलं, कारण १५-२० च्या मागे लागून किडन्या बिघडत होत्या. घरबसल्या करायच्या कोर्सची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं असते, मग तपासून पुन्हा काढावा लागतो. यांनी तो पुन्हा काढला होता, क्रमांक नवा, वर्ष नवं, आतला प्रश्न जुना. मी योग्य उत्तराला टिंब केलं तर लाल फुली आली. पास होण्यासाठी चुकीच्या उत्तराला टिंब करावं लागलं. तक्रारीची ईमेल केली, तिला "आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो" असं छापील उत्तर आलं. प्रश्न तिथेच आहे. आपल्या डॉक्टरांपैकी कितीतरी जण अजून "ट्रफ किती आला?" एवढंच विचारतात, त्यात आमच्याच सीईने भर घालावी?

आणि इथे घरचा खरा प्रश्न कोणी विचारतच नाही. हॉस्पिटलात दोन वेळा रक्त काढून एयूसी काढता येतो. घरी नर्स आठवड्यातून एकदा जाणार, एकदाच रक्त काढणार. मग त्या एका आकड्यावर सॉफ्टवेअरने अंदाज बांधायचा. त्यासाठी कालचा डोस नक्की किती वाजता सुरू झाला, किती वाजता संपला आणि रक्त किती वाजता काढलं हे मिनिटासकट हवं. रुग्ण म्हणतो, "सकाळी लावलं होतं." सकाळी म्हणजे सहा की साडेनऊ? ज्या लाइनमधून व्हँको दिलं तिच्यातूनच रक्त काढलं असेल तर आकडा खोटाच वाढलेला येतो. हे सगळं आम्ही फोनवर खणून काढतो. मॉड्यूलमध्ये यावर एक ओळ नाही.

पासाबद्दलची माझी मूळ तक्रार हीच. हॉस्पिटलच्या फार्मसिस्टसाठी बनवलेला धडा घ्यायचा, शीर्षकात "होम" घालायचं आणि विकायचं. औषध तेच, जंतू तेच, मान्य. पण आमच्याकडे फ्रिज आहे आणि त्यात औषधाशेजारी आदल्या दिवशीची भाजी आहे. कुत्रा आहे. ट्यूब चावणारं नातवंड आहे. रात्री दोनचा डोस आहे आणि झोपेची गोळी घेतलेला रुग्ण आहे.

त्या पासमध्ये एकच मॉड्यूल असं निघालं की ज्यात घर होतं. तासाभराचं, नाव अगदी रुक्ष: रिफिल कॉलबद्दलचं. दर आठवड्याला माल पाठवण्याआधी रुग्णाला फोन करून साठा विचारायचा असतो. बहुतेक ठिकाणी हे काम नव्या टेक्निशियनला देतात, कारण सोपं समजतात. एक होम इन्फ्युजन नर्स आणि एक फार्मसिस्ट, दोघींनी मिळून नाटुकलं करावं तसे फोन ऐकवले होते. त्यातला एक सांगते.

रुग्ण हाडाच्या संसर्गासाठी सेफॅझोलिन या अँटिबायोटिकवर, दर आठ तासांनी एक डोस. औषध इलॅस्टोमेरिक पंपात, म्हणजे आमच्याकडे सगळे ज्याला नुसतं "बॉल" म्हणतात त्यात. रबरी फुग्यासारखी आतली पिशवी आकसते आणि औषध आपोआप जातं, वीज नको, मशीन नको. आठवड्याला २१ बॉल पाठवलेले. पाच दिवसांनी फोन. "कसं चाललंय?" "एकदम मस्त." "काही त्रास?" "काही नाही." "अजून माल पाठवू ना?" "पाठवा." इथे शंभरातले नव्वद जण फोन ठेवतील. मॉड्यूलमधली फार्मसिस्ट म्हणते, "जरा फ्रिजपर्यंत जाता का? दार उघडा आणि मला बॉल मोजून सांगा." पावलांचा आवाज, दार उघडल्याचा आवाज. "अकरा."

पाच दिवसांत पंधरा जायला हवे होते, म्हणजे सहा उरायला हवे होते. पाच जास्त. रोज एक. मग ती न रागावता विचारते, "रात्रीचा जमत नाही का?" पलीकडे शांतता, आणि मग हळूच, "बायको दिवसभर कामावर असते हो, तिला दोन वाजता उठवायला जिवावर येतं." म्हणजे तो माणूस रोज रात्रीचा डोस सोडत होता, आणि कोणालाही सांगत नव्हता, कारण कोणी विचारलंच नव्हतं. ती डॉक्टरांना फोन करते, वेळा सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा अशा बदलून घेते. जमलं नसतं तर चोवीस तास हळूहळू औषध सोडणारा पंप, हा पर्यायही पुढे सांगितलाय. चार वाक्यांचं संभाषण आणि हाड वाचलं. हे ऐकल्यापासून आमच्याकडे "माल किती आहे?" असं विचारायचं नाही, "फ्रिजचं दार उघडून मोजा" असंच म्हणायचं, असा नियम केलाय.

दुसरा फोन बॉलचाच. रुग्ण म्हणतो, अर्ध्या तासात संपायला हवं ते दीड तास चालतंय, पंप खराब आहे, बदलून द्या. पहिला प्रश्न: फ्रिजमधून कधी काढला? "लावायच्या आधी." थंड औषध घट्ट असतं, हळू वाहतं, काही तास आधी बाहेर काढून ठेवावं लागतं. आणि हो, मायक्रोवेव्हमध्ये नाही. हे त्यांनी दोनदा बजावलं आहे, म्हणजे कोणीतरी केलं असणारच.

याच मॉड्यूलमध्ये टीच-बॅक छान शिकवलंय. "समजलं का?" असं विचारायचं नाही, समोरच्याकडून करून किंवा बोलून घ्यायचं. मला हे मराठीत करायची वेळ येते. आमच्या भागात मुलांकडे आलेले आणि इथेच राहिलेले आजी-आजोबा पुष्कळ आहेत. आमच्या कंपनीने माझी भाषेची तपासणी करून घेतली आहे, त्यामुळे मराठी रुग्ण आला की फोन माझ्याकडे. "आजोबा, कळलं ना?" विचारलं की "हो हो, कळलं" असंच उत्तर येतं, मोठ्या माणसाला "नाही कळलं" म्हणणं जमत नाही, आणि फोन करणारी मुलगी आपल्या सुनेच्या वयाची. म्हणून आता मी म्हणते, "आजोबा, मला तुमच्याकडून एकदा ऐकायचंय. आधी काय करणार, मग काय, सांगा बघू." मग सुरू होतं: आधी सलाईनची सिरिंज, मग औषध, मग परत सलाईन. "आणि लाइनच्या टोपीला अल्कोहोलने किती वेळ घासायचं?" "ते ती नर्सबाई करते." इथे सापडतं. नर्सबाई आठवड्यातून एकदा येते, बाकीच्या वीस वेळा आजोबाच आहेत. एका तासाच्या मॉड्यूलमधून एवढं हाती लागलं, हे कबूल करायला हवं. ते सुटं मिळतं, तीस-पस्तीस डॉलरला. पास न घेता तेवढंच घ्या.

फोनवरच्या या कामाला मेडिकेअर (इथला ज्येष्ठांचा सरकारी विमा) मात्र मोजत नाही, जाता जाता सांगते. २०१६ च्या कायद्याने आलेला आणि २०२१ पासून कायमचा सुरू झालेला होम इन्फ्युजनचा लाभ, नर्स प्रत्यक्ष रुग्णाच्या घरात उभी असेल त्या दिवसाचेच पैसे देतो. फार्मसिस्टने टेबलाशी बसून लॅब बघितल्या, फोन केले, डॉक्टरांच्या मागे लागून डोस बदलून घेतला, त्याचा हिशेब त्यात नाही. बिलिंगच्या मॉड्यूलमध्ये हे रंगीत तक्त्यात दिलंय, पण असं का, यावर चकार शब्द नाही. बिलिंगवाल्यांसाठी ठीक, बाकीच्यांनी वगळा.

आता हाताने करायचा कोर्स. दोन दिवस, सगळं मिळून पंधराशे डॉलरच्या पुढे, आमच्या कंपनीने भरले. स्वतः भरावे लागले असते तर मी गेले असते का? बहुधा नाही, आणि मग मला कळलंही नसतं की काय बुडालं.

पहिला अर्धा दिवस नुसता कपडे घालण्यात जातो. हसू नका. अंगठ्या, घड्याळ, बांगड्या काढायच्या, मेकअप पुसायचा. आमच्या वर्गात आम्ही चार-पाच भारतीय बायका, आरशाच्या कडेला टिकल्यांची रांग लागली. नखांखालची घाण पाण्याखाली काढायची, मग कोपरापर्यंत निदान तीस सेकंद साबण. घड्याळ लावून धुवा म्हणजे कळेल तीस सेकंद किती लांब असतात. बुटांवरची आवरणं, टोपी, मास्क, गाऊन, निर्जंतुक ग्लोव्ह. मग ग्लोव्हची बोटं वाटीतल्या जेलीसारख्या माध्यमावर हलकेच टेकवायची. त्या प्लेट उबवायला ठेवतात. नव्या माणसाला हे तीन वेळा करून तिन्ही वेळा जंतूंची शून्य वाढ दाखवावी लागते, तेव्हा कुठे काम करायची परवानगी. जुन्यांना दर सहा महिन्यांनी पुन्हा. नियम वाचून माझा पाठ होता. पण शिकवणाऱ्या बाई बाजूला उभ्या राहून "आत्ता तुम्ही मास्क नीट केलात, ग्लोव्हवर अल्कोहोल मारा" असं शांतपणे सांगतात, तेव्हा आपला हात आपल्या नकळत तोंडाकडे किती वेळा जातो ते दिसतं.

दुसऱ्या दिवशीचा रंगाचा प्रयोग हे या कोर्सचं खरं मोल. औषधाच्या जागी चमकणारा रंग असलेलं पाणी. नेहमीसारखं व्हायलमधून (औषधाच्या छोट्या बाटलीतून) काढा, पिशवीत घाला, पाचसहा पिशव्या करा. मग दिवे घालवून अतिनील दिवा लावतात. माझ्या डाव्या अंगठ्यावर ठिपका. शेजारच्या वीस वर्षं काम केलेल्या गृहस्थांच्या गाऊनच्या बाहीवर हिरवट पट्टा. एका मुलीच्या हुडच्या कडेवर बोटांचे ठसे, सगळीकडे. कोणी बोललं नाही, सगळे आपापल्या हातांकडे बघत होते. व्हायलमध्ये दाब वाढू दिला, सुई काढताना फवारा उडाला, हेच बहुतेकांचं कारण. बाईंनी प्लंजर किती ओढायचा, हवा किती सोडायची, सुई कोणत्या कोनात घालायची, हे एकेकाचा हात धरून दाखवलं.

हवेच्या प्रवाहाचंही तसंच. फिल्टरमधून येणारी पहिली हवा आणि सुईचं टोक यांच्यामध्ये हात येऊ द्यायचा नाही, हे आम्हाला सगळ्यांना पाठ. त्यांनी हुडमध्ये धूर सोडला आणि सरळ वाहणारा धूर आमच्याच मनगटाला वळसा घालून पिशवीच्या तोंडाशी भोवऱ्यासारखा फिरताना दाखवला. त्यानंतर पिशव्या कशा ओळीत मांडायच्या हे वेगळं सांगावं लागलं नाही.

उणं काढायचंच तर जेवण. गार सँडविच, आणि शाकाहारींसाठी त्यातलं मांस काढून ठेवलेलं तेच सँडविच. एवढ्या पैशात निदान एक गरम काही हवं होतं. दुसरं, सहा महिन्यांनी होणाऱ्या मीडिया-फिलची (औषधाऐवजी जंतू वाढतील असं द्रव कालवून घ्यायची चाचणी) तयारी कशी करून घ्यायची, १४ दिवस उबवण्याची व्यवस्था छोट्या फार्मसीने कुठे करायची, यावर वेळ कमी पडला. तेवढ्यासाठी दुपारचं कायद्याचं सत्र छाटलं असतं तरी चाललं असतं.

फुकट वेबिनारबद्दल फार लिहीत नाही. इम्युनोग्लोब्युलिन बनवणारी कंपनी पैसे देणार, मग तासातली चाळीस मिनिटं ज्याला ते औषध लागतं त्याच रोगावर जाणार, हे गृहीत धरा. पण लाइव्ह क्रेडिट मिळतात आणि कधीकधी घबाड लागतं. सप्टेंबर २०२४ च्या शेवटी हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलायनातला बॅक्स्टरचा कारखाना पाण्यात गेला, देशातलं सुमारे साठ टक्के सलाईन तिथे बनत होतं. थोड्याच दिवसांत एक फुकट वेबिनार झाला, त्यात फक्त एवढंच: कोणती अँटिबायोटिक पिशवीऐवजी सिरिंजने थेट ढकलता येतात, किती मिनिटांत, किती पाण्यात, आणि घरातल्या माणसाला ते कसं शिकवायचं. २०१७ साली मारिया वादळानंतर प्वेर्तो रिकोतल्या छोट्या पिशव्या बंद झाल्या तेव्हा ज्यांनी हे केलं होतं तेच लोक बोलत होते. स्लाइड साध्या, पांढऱ्यावर काळं. पुढचे काही आठवडे आम्ही त्यावरच काढले. विकतच्या पासमध्ये हा विषय आला तेव्हा टंचाई ओसरायला लागली होती.

आमच्या नर्स मैत्रिणींचं गणित वेगळं. सीआरएनआय हे इन्फ्युजन नर्सचं प्रमाणपत्र असेल तर तीन वर्षांनी ते टिकवायला चाळीस युनिट किंवा पुन्हा परीक्षा. त्यांच्यासाठी इन्फ्युजन नर्सेस सोसायटीची मानकं हाच पाया, २०२४ ची नववी आवृत्ती ताजी. फार्मसिस्टनीही ती चाळावीत असं माझं मत आहे. लाइन तुंबली, ड्रेसिंग सुटलं, असे फोन शेवटी आपल्याकडेच येतात.

पुण्यात घरपोच नर्सिंग देणाऱ्या एका कंपनीत माझी मावसबहीण नर्स आहे. तिने विचारलं, "ताई, मी करू का यातला एखादा?" तिला सांगितलं तेच इथे. क्रेडिट तुझ्या नोंदणीला उपयोगी पडतील असं धरून पैसे घालू नकोस, आधी तुमच्या कौन्सिलला विचार. क्लीन रूमचा भाग तुला लागणार नाही, तू औषध रुग्णाच्या घरीच कालवतेस. त्याला इथल्या नियमांत तात्काळ वापरासाठीची वेगळी तरतूद आहे: कालवायला सुरुवात केल्यापासून चार तासांच्या आत द्यायला सुरुवात, पूर्वी हा एक तास होता. तेवढं पान वाच. आणि तो रिफिल कॉलचा तास जरूर कर, त्यातले फोन हडपसरलाही जसेच्या तसे चालतील.

पास तरीही घेणार असाल तर दोन गोष्टी. प्रत्येक मॉड्यूलच्या पानावर मूळ तारीख आणि फेरतपासणीची तारीख असते, व्हँकोमायसिनचं उघडून नमुना प्रश्न मागा; दिला नाही तर समजा. आणि पैसे भरताना "दरवर्षी आपोआप नूतनीकरण" हा चौकोन आधीच भरलेला येतो, तिसऱ्या पानावर, तळाशी, बारीक अक्षरांत. तो तिथल्या तिथे काढा. नंतर काढायला फोन करावा लागतो आणि फोन फक्त सेंट्रल टाइमप्रमाणे ऑफिसच्या वेळात उचलतात.